रेडिओच्या पोटातले आकडे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात हौशी रेडिओ मंडळाच्या वतीने पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांना रेडिओच्या पोटात डोकावण्याचे काय कारण, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी. ए., बी. एड्. एवढीच माझी शिदोरी. परंतु २०१६ साली मी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि तेव्हापासून आपल्या शाळेच्या मंडळाचा संच माझ्या ताब्यात आहे. त्या संचाच्या बाबतीत माझ्या हातून एक आगळीक घडली. ती आपल्याला सांगावी, आणि तिच्या निमित्ताने या विषयाची थोडी माहितीही द्यावी, असा माझा विचार आहे.

प्रथम हौशी रेडिओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पालकांपैकी पुष्कळांना तो गाणी ऐकण्याचा रेडिओ वाटतो. हा संच ऐकतोही आणि बोलतोही, म्हणून त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. तो वापरणाऱ्याला जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात. आपल्या देशात त्यासाठी १९७८ सालची स्वतंत्र नियमावली झाली. केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची परीक्षा द्यावी लागते, आणि उत्तीर्ण झालेल्याला ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे हाकेचे नाव मिळते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. त्यांचे नाव होते व्हीयू टू आरजी. हा छंद केवळ श्रीमंती थाटाचा आहे असे मात्र समजू नका. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात, २००१ च्या भूजच्या भूकंपात हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हॅम मंडळींचा एक गट योगायोगाने अंदमानातच होता, आणि पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी बोलण्यासाठी त्यांच्या संचांचा मोठा आधार झाला.

आता मूळ विषय. पूर्वीच्या संचाचे झाकण उघडले की आत बारीक बारीक स्क्रू दिसत. कुठे गुंडाळीच्या गाभ्यातला स्क्रू, कुठे छोटा प्रीसेट. कारखान्यातला माणूस उपकरणे लावून एकेक स्क्रू योग्य जागी फिरवी आणि मग त्यावर लाखेचा किंवा मेणाचा थेंब टाकी. तो थेंब म्हणजे ‘येथे हात लावू नये’ अशी पाटीच होती. जाणता मेकॅनिकही तेथे प्लॅस्टिकचा पेचकस घेऊनच जाई, कारण लोखंडी पेचकस जवळ नेला तरी गुंडाळीचा गुणधर्म बदलतो.

पुढे संचात सूक्ष्म संगणक आला. स्क्रू पुष्कळसे गेले आणि त्यांच्या जागी आकडे आले. हे आकडे संचातल्या एका अशा स्मृतीत लिहिलेले असतात, की वीज गेली तरी पुसले जात नाहीत. ते पाहण्याची आणि बदलण्याची एक गुप्त यादी असते. कारखान्यातल्या व दुरुस्ती केंद्रातल्या लोकांसाठी ती ठेवलेली असते, म्हणून ग्राहकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नसतो. या शतकाच्या आरंभी आलेला याएसू कंपनीचा एफटी-८१७ हा पाच वॅटचा लहानसा संच हॅम मंडळींत फार लोकप्रिय झाला. त्यात तीन कळा एकदम दाबून संच चालू केला की ही यादी समोर येते. काही कंपन्यांच्या संचात मागच्या छिद्रात विशिष्ट पिन घालावी लागते. कोणत्या कळा आणि कोणती पिन, हे मी मुद्दाम सांगत नाही. पहिल्या रांगेतली मुले हसताहेत. त्यांना ते माझ्याआधी ठाऊक असणार.

या यादीत असते तरी काय? संचाची मूळ कंप्रता किती, निरनिराळ्या पट्ट्यांवर ऐकण्याची तीव्रता किती, मीटरची सुई कोणत्या संदेशाला कोठवर चढावी, बोलताना जास्तीत जास्त किती शक्ती बाहेर पडावी, आवाज मोठा झाला तर शक्तीला लगाम कोठे बसावा, एरियलकडून शक्ती उलटी परत येऊ लागली तर संचाने स्वतःला केव्हा आवरते घ्यावे, अशा कितीतरी गोष्टी. प्रत्येकीसमोर एक आकडा. ना वॅट, ना व्होल्ट, ना हर्ट्झ. नुसता ‘८३’ किंवा ‘११७’.

येथेच सर्वांची फसगत होते, तशी माझीही झाली. आवाजाची कळ आपण कमी-जास्त करतो ती आपल्या आवडीची बाब. म्हणून यादीतला आकडाही आवडीचाच असावा असे वाटते. वास्तविक ती नोंद आहे. कारखान्यात त्या एका संचाला उपकरणे जोडून मोजमाप केले आणि जो आकडा बरोबर ठरला तो लिहून ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या, त्याच बनावटीच्या दुसऱ्या संचाचा आकडा निराळा असतो, कारण एकाच साच्यातले दोन ट्रान्झिस्टर देखील तंतोतंत सारखे नसतात. मित्राच्या संचातला आकडा आपल्या संचात घालणे म्हणजे मित्राचा चष्मा आपल्या डोळ्यांना लावणे. चष्मा परत काढता येतो. आकडा बदलून जतन केला की जुना आकडा कायमचा गेला. संच पुन्हा पहिल्या स्थितीत आणण्याची जी साधी सोय असते, तिने आपल्या साठवलेल्या जागा पुसल्या जातात; कारखान्यातले मोजमाप ती आणून देईल या भरवशावर राहू नये.

आता माझी हकीकत सांगतो.

आपल्या मंडळाचा संच शंभर वॅटचा. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. तो देणगीतून घेतला होता, आणि त्या देणगीत बाहेरगावी नोकरी करणाऱ्या आपल्या गावकऱ्यांचे पैसे होते. २०२० च्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात तो पाहुण्यांना दाखवायचा होता. आदल्या दिवशी मी वॅटमीटर जोडून पाहिला तर सुई ९२ वर थांबली. पुस्तिकेत शंभर लिहिलेले, आणि आमचा ब्याण्णव! पाहुण्यांपुढे हे बरे दिसणार नाही असे मला वाटले. एका मित्राकडून मला त्या गुप्त यादीची छापील प्रत मिळालेली होतीच. संध्याकाळी प्रयोगशाळेत नववीतला एक विद्यार्थी तारा गुंडाळायला थांबला होता. त्याच्या देखतच मी यादी उघडली. जास्तीत जास्त शक्तीचा आकडा वाढवला. शक्तीचा लगाम जरा सैल केला. मग उलट शक्तीचा पहारा अधूनमधून आडवा येऊ लागला, म्हणून तोही थोडा मागे हटवला. असे तीन आकडे. सुई ११८ वर गेली. एकही जुना आकडा मी लिहून ठेवला नाही. शेजारच्या टेबलावर खडू होता, फळा होता, माझ्या खिशात पेन होते. आणि त्या मुलाला मी काय सांगितले असेल? “तू मात्र याला कधी हात लावू नकोस हं!”

प्रदर्शन झकास झाले. सुई पाहून पाहुण्यांनी माना डोलावल्या.

या वाढीने मी काय कमावले त्याचा हिशेब तेव्हाच करायला हवा होता. तो सातवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. ऐकणाऱ्याच्या संचावर एक मीटर असतो, त्यावर संदेशाच्या जोराच्या खुणा असतात. प्रथेप्रमाणे सुई एक खूण पुढे सरकायची तर पाठवणाऱ्याची शक्ती चौपट व्हावी लागते. शंभर वॅटचे चारशे करा, तेव्हा समोरच्याची सुई एक खूण सरकते. मी ९२ चे ११८ केले होते. म्हणजे ऐकणाऱ्याला एका खुणेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी फरक. कानाला तो जेमतेम कळावा! शंभर वॅटची वाढ पाहिजेच असेल, तर एरियलची तार थोडी उंच बांधावी, सांधे घासून पुसून घट्ट करावेत. त्यातून अधिक मिळते आणि बिघडत काही नाही.

खर्चाची बाजू पाहा. शंभर वॅटचा संच पूर्ण जोराने बोलताना १३.८ व्होल्टवर सुमारे २२ अँपिअर ओढतो. गुणाकार केला तर ३०० वॅट आत जातात. बाहेर शंभर पडतात. उरलेल्या दोनशे वॅटची उष्णता होते, आणि ती प्रामुख्याने शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरांना सोसावी लागते. मागे पंखा आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात त्या याचसाठी. कारखान्याने या ट्रान्झिस्टरांकडून किती काम घ्यायचे ते ठरवताना थोडी मोकळीक राखलेली असते. ती मोकळीक मी खाऊन टाकली होती. शिवाय कोकणातला पाऊस आणि खारी हवा! एरियलचा सांधा गंजला की शक्ती उलटी परत येते. त्या वेळी संचाला वाचवणारा पहारा मीच मागे हटवून ठेवला होता.

पण ट्रान्झिस्टर जळणे हे या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान नव्हे. ते पुढे कळले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्या दिवसाचे वर्णन आपल्यापुढे करण्याची गरज नाही. नारळ-सुपारीच्या बागा कशा झोपल्या, पत्रे कसे उडाले, हे प्रत्येक घराने पाहिले आहे. विजेचे खांब गेले, मोबाईलचे मनोरे बंद पडले. टाळेबंदीमुळे शाळा आधीच बंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. एरियलची तार तुटून पडली होती. तो नववीतला मुलगा आला, आम्ही दोघांनी तार सांधली आणि खिडकीच्या गजापासून कुंपणाच्या खांबापर्यंत माणसाच्या डोक्यावर जेमतेम राहील अशी बांधली. ४० मीटरच्या पट्ट्यावर जवळच्या अंतरासाठी एवढी खाली तारही चालते; लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन खाली परततात आणि डोंगराचा अडसर राहत नाही. वीज नव्हतीच. एका पालकांनी आपल्या टेम्पोची बॅटरी काढून दिली.

संच लावला. पुण्याचे एक वयोवृद्ध हॅम, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, ते पट्ट्यावर होते. त्यांचा आवाज खणखणीत येत होता. मी हाक दिली. ते म्हणाले, “आवाज भरपूर आहे, पण शब्द कळत नाहीत. पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितले. ओरडून सांगितले. तसतसे आणखी बिघडत गेले.

निरोप साधा होता. त्या मुलाच्या दादीला मधुमेह आहे. घरातले इन्सुलिन संपत आले होते, गावातले दुकान बंद, रस्त्यावर झाडे पडलेली. पनवेलला त्याचे मामू राहतात. काकांनी पुण्याहून त्यांना फोन करून औषधाचे नाव आणि कुप्यांची संख्या कळवायची, आणि मामूंनी निघताना ते घेऊन यायचे. इन्सुलिनचे प्रकार असतात, ‘तीस-सत्तर’ हे त्यातल्या मिश्रणाचे प्रमाण. ते चुकले तर चालत नाही. मी म्हणत होतो तीस-सत्तर, चार. काकांना ऐकू येत होती नुसती घरघर. मुलगा बॅटरीचे चिमटे दोन्ही हातांनी दाबून बसला होता, कारण ते ढिले होते. तो माझ्याकडे पाहत होता.

असे का झाले, ते मला नंतर समजले. प्रयोगशाळेतल्या वीजपुरवठ्यावर संचाला १३.८ व्होल्ट मिळत असत. टेम्पोची बॅटरी, लांब तार, ढिले चिमटे. बोलताना संचापर्यंत पोहोचत होते जेमतेम साडेअकरा. मी वाढवून ठेवलेला आकडा मात्र म्हणत होता, काढा एकशे अठरा. एवढ्या कमी व्होल्टवर ट्रान्झिस्टर ते देऊच शकत नव्हते. मग आवाजाच्या लाटेचा माथा कापला जाऊन ती सपाट होते. लगाम जागेवर असता तर त्याने लाट कापली जाण्याआधीच आवरली असती. लगाम मी सैल केलेला. कापलेल्या लाटेत जोर असतो, शब्द नसतो. आणि ती आपल्या जागेत मावत नाही. एका बोलण्याला साधारण तीन किलोहर्ट्झची जागा पुरते. भारतात हा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सारा दोनशे किलोहर्ट्झचा. एका वेळी साठ-पासष्ट संभाषणे कशीबशी बसतील. माझी घरघर शेजारच्यांच्या जागेतही सांडत होती. त्या दिवशी त्या पट्ट्यावर वादळासंबंधी आणखी कोण कोण बोलत असेल, याचा विचार मी आजही करतो.

अखेर काकाच म्हणाले, “मास्तर, पॉवर अगदी खाली आणा. वीस वॅट करा. आणि हळू बोला.” मी साध्या यादीतून शक्ती खाली आणली. त्या पायरीचा आकडा मी फेब्रुवारीत हलवला नव्हता, तो कारखान्याचाच होता. वीस वॅटवर काकांनी पहिल्या खेपेला सारे उतरवून घेतले आणि परत वाचून दाखवले. तीस-सत्तर, चार कुप्या, पनवेलचा फोन नंबर. यात चाळीस मिनिटे गेली होती. बॅटरी उतरत होती. आणखी एखादा तास मी ओरडत राहिलो असतो तर वीस वॅटलाही काही उरले नसते.

औषध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले. दादी आज या मेळाव्याला आलेल्या आहेत. त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही, कारण त्यांना ठाऊकच नव्हते.

काकांनी मात्र विचारले. निरोप संपल्यावर ते म्हणाले, “संचाला काही केले होते का?” मी म्हणालो, “नाही. वादळात काही तरी झालेले दिसते.” मुलगा शेजारीच होता. तो काही बोलला नाही, चिमटे काढून बॅटरी उचलू लागला.

नोव्हेंबरात प्रवास सुरू झाल्यावर मी संच एस. टी. ने पुण्याला नेला. काकांच्या टेबलावर सर्व साहित्य होते: एरियलऐवजी जोडायचा कृत्रिम भार, तपासून घेतलेला वॅटमीटर, कंप्रता मोजण्याचे यंत्र, दोन स्वर एकदम सोडणारे यंत्र आणि लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. त्यांनी मोजून सांगितले, की संच जवळजवळ १२८ वॅट काढतो आहे. मी म्हणालो, “माझ्या मीटरवर ११८ आहे.” त्यांनी माझा मीटर मागितला आणि त्यांच्या मीटरशी ताडून पाहिला. माझा स्वस्तातला मीटर कमी दाखवत होता. अशा मीटरची चूक पूर्ण पट्टीच्या दहा टक्क्यांपर्यंत चालते असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. दोनशे वॅटच्या पट्टीवर दहा टक्के म्हणजे वीस वॅट. थोडक्यात, फेब्रुवारीत सुई ९२ वर होती तेव्हा संच पुरे शंभर वॅट देत होता. त्यात काहीच उणे नव्हते.

हे ऐकल्यावर मी त्यांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. “जुने आकडे आहेत का?” एवढेच विचारले. नव्हते. मग मी गावी फोन केला. त्या मुलाने प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, पडद्याचा निळा उजेड छान दिसतो म्हणून, मोबाईलवर एक फोटो काढला होता. त्यात तीनपैकी एक आकडा दिसत होता, उलट शक्तीच्या पहाऱ्याचा. बाकीचे दोन काकांनी दोन रविवार बसून मोजमापाने बसवले. शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एक अशक्त झाला होता, म्हणून जोडी बदलावी लागली. काम संपल्यावर काका म्हणाले, “कारखान्यातून आला तसा झाला असे मी म्हणणार नाही. चालेल असा झाला.”

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा संच आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी.

मूळ कंप्रतेच्या आकड्याला हात लावण्याचा मोह मुलांना फार होतो. दहा लाखांत एक एवढी चूक झाली तर ७ मेगाहर्ट्झवर ती ७ हर्ट्झ असते, कोणाला कळतही नाही. पण तीच चूक ४३५ मेगाहर्ट्झवर ४३५ हर्ट्झ होते. एका ठिकाणी कानाने जुळवून दुसरीकडे बिघाड करून ठेवण्याचा हा राजमार्ग आहे. खात्रीच्या प्रमाण कंप्रतेशी ताडून पाहता येत नसेल तर तो आकडा पाहून सोडून द्यावा. संगणक जोडून स्मृतीत परस्पर लिहिण्याचा उद्योग तर याहून वाईट. एफटी-८१७ च्या बाबतीत अशी एक अलिखित आज्ञा हॅम मंडळींनी शोधून काढली आहे. तिने आपण सांगितलेली जागा तर बदलतेच, तिच्या लगतची जागाही बदलते. शेजारी काय लिहिलेले होते ते माहीत नसताना ती वापरणाऱ्यांनी चांगले संच मुके करून ठेवले आहेत. याच्या उलट, संगणकाने स्मृती नुसती वाचून जपून ठेवणे हे फार उपयोगाचे काम आहे. नवा संच घरी आला की पहिल्याच आठवड्यात ते करावे.

हातात धरायचे स्वस्त चिनी संच, बाओफेंग यूव्ही-५आर आणि त्याची भावंडे, यांच्याविषयी पालकांनी विशेष सावध राहावे. मुले ते खेळणे समजून मागवतात. संगणकाला जोडून त्यांच्या मर्यादा सैल करणे अगदी सोपे असते. आपल्या देशात २ मीटरचा हौशी पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. अमेरिकेत तो १४८ पर्यंत जातो, म्हणून तिकडच्यासाठी बनवलेला संच मोकळाच सोडला तर येथे बेकायदा जागेत बोलतो. त्याच्याही पलीकडे १५६.८ मेगाहर्ट्झवर समुद्रातली हाकेची आणि संकटाची वाहिनी आहे. आपल्यातल्या कितीजणांचे वडील, भाऊ, चाचा बोटीवर आहेत! मुलाने घराच्या गच्चीवर गंमत म्हणून दाबलेली कळ तेथे कोणाच्या हाकेवर पडेल, सांगता येत नाही. परवाना नसताना असा संच वापरणे हा गुन्हा आहेच. वॉकी-टॉकींच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक सूचनाही काढल्या. मुलाला खरोखर आवड असेल तर त्याला परीक्षेला बसवा. बारा वर्षे पूर्ण झाली की बसता येते, आणि तयारी आम्ही करून घेऊ.

गुप्त यादी कधी उघडूच नये काय, असे एका विद्यार्थ्याने मला गेल्या आठवड्यात विचारले. उघडावी. ती पाहण्यात पाप नाही, आणि कुतूहलाशिवाय कोणी हॅम होत नाही. मात्र अगोदर सर्व आकडे कागदावर उतरवावेत, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. आणि जे मोजण्याचे साधन आपल्याजवळ नाही त्याचा आकडा बदलू नये. आमच्या मंडळात आता हीच रीत आहे. पहिली प्रत त्याच मुलाने लिहून काढली. तो आता मोठा झाला, परवाना मिळवून बसला, आणि त्याचे हाकेचे नाव माझ्या नावापेक्षा दूरवर ओळखले जाते.

राहिली एक गोष्ट, आणि ती संस्थेच्या सभासदांसाठी आहे. ट्रान्झिस्टरांची जोडी, टपाल आणि प्रवास मिळून ३,६०० रुपये खर्च आला होता. संस्थेने तो दिला. डिसेंबर २०२० मध्ये शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात संचासमोर मी शेरा लिहिला होता, ‘निसर्ग चक्रीवादळात बिघाड, दुरुस्त करून आणला.’ त्या वर्षी बेंच, पत्रे, संगणक, सगळ्यांसमोर तोच शेरा होता, त्यामुळे कोणाला विचारावेसे वाटले नाही. गेल्या महिन्यात ही स्मरणिका निघणार असे ठरले, तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे रजिस्टर मागितले, तो शेरा लाल शाईने खोडला आणि खाली खरे कारण लिहून सही केली. त्यांनी वाचले, माझ्या सहीशेजारी आपली सही केली आणि तारीख घातली. ३,६०० रुपयांची पावती खजिनदारांकडे आहे. रजिस्टर कार्यालयात आहे, आणि आकड्यांचा कागद संचाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेत यावे.